नाडी, गण आणि रक्तगट : वऱ्हाडातील एक संज्ञासंकर

मनुष्याचे प्रकार पाडणाऱ्या पद्धती अनेक असल्या तरी त्यांच्या संज्ञा पुष्कळदा समान असतात. संज्ञा एक म्हणून अर्थही एक, असे गृहीत धरल्याने होणाऱ्या घोटाळ्याचे बोलके उदाहरण वऱ्हाडातील विवाहव्यवहारात आढळते.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे १६ प्रकार सांगितले आहेत : ७ सात्त्विक, ६ राजस व ३ तामस. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे जन्मलेल्या गुलाबराव महाराजांनी (१८८१–१९१५) मानसायुर्वेदाचा विचार मांडला होता; तेव्हा अशी चर्चा या प्रांताला परकी नव्हती. चरकाच्या राजस प्रकारांपैकी एकाचे नाव ‘राक्षस’ असून तो माणसाच्या वर्तनावरून ओळखावयाचा असतो. फलज्योतिषातील ‘राक्षसगण’ मात्र निराळा. तेथे २७ नक्षत्रांची देव, मनुष्य व राक्षस अशा तीन गणांत नऊ-नऊ याप्रमाणे वाटणी केलेली आहे. त्यामुळे मघा नक्षत्रावर जन्मलेली कन्या कितीही शांत स्वभावाची असली तरी राक्षसगणीच ठरते.

असा संकर आधुनिक मानसशास्त्रातही झालेला आहे. कार्ल युंग यांच्या १९२१ मधील व्यक्तिप्रकारविवेचनातून अमेरिकेत मायर्स-ब्रिग्ज आणि लिथुआनियात सोशिऑनिक्स या दोन पद्धती निघाल्या. दोहोंचे चार-अक्षरी संकेत दिसण्यात सारखे आहेत. परंतु अखेरचे अक्षर ठरविण्याचा नियम भिन्न असल्याने अंतर्मुख व्यक्तीच्या बाबतीत ते एका पद्धतीतून दुसरीत जसेच्या तसे नेता येत नाही.

‘नाडी’ या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. वैद्याची नाडी म्हणजे मनगटावरील स्पंदन. ते प्रकृतिमानाप्रमाणे बदलते. ज्योतिषाची नाडी जन्मनक्षत्रावरून ठरते व आजन्म बदलत नाही. तथापि आद्य, मध्य व अंत्य या नाड्यांची सांगड अनुक्रमे वात, पित्त व कफ यांच्याशी घातली गेल्यामुळे पंचांगातील कोष्टकाला वैद्यकाचा आधार असल्याचा भास निर्माण झाला. गुणमेलनातील ३६ गुणांपैकी गणाला ६, तर नाडीला सर्वांत अधिक म्हणजे ८ गुण आहेत. ‘एकनाड’ निघाली की स्थळ मोडते, ते याच कारणाने.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला. पुढे ‘एकनाड म्हणजे एकच रक्तगट’ अशी समजूत अमरावती-अकोल्याकडेच नव्हे, तर उर्वरित महाराष्ट्रातही रुजली. वस्तुतः रक्तगट मातापित्यांकडून येतो, नक्षत्रावरून नव्हे. आणि वधूवरांचा रक्तगट एक असल्याने संततीस अपाय होत नाही. आरएच घटकाचा धोका संभवतो तो माता निगेटिव्ह व पिता पॉझिटिव्ह असता, म्हणजे गट भिन्न असताना.

या संकराची खरी किंमत सिकलसेल विकाराच्या बाबतीत द्यावी लागते. विदर्भात हा आनुवंशिक विकार बराच आढळतो. त्याच्या अहवालातील ‘एएस’ ही खूण हिमोग्लोबिनची आहे. तिच्यातील ‘ए’चा रक्तगटाच्या ‘ए’शी काही संबंध नाही. वधूवर दोघेही ‘एएस’ असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य ‘एसएस’, म्हणजे रुग्ण, होण्याचा संभव २५ टक्के असतो. पत्रिकेतील नाडी पारखून घेणारे घर हिमोग्लोबिनची तपासणी न करताच निश्चिंत होते, तेव्हा दक्षता घेतल्याचे समाधान तेवढे मिळते. दक्षता मात्र घेतली जात नाही. २०२३ मध्ये आरंभिलेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणीवर दिलेला भर या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

जुन्या पत्रिका व वैद्यांच्या वह्या अभ्यासणाऱ्यानेही हाच विवेक बाळगणे अवश्य आहे. ‘राक्षस’ किंवा ‘नाडी’ हा शब्द आढळताच, तो कोणत्या शास्त्राच्या परिभाषेतील आहे, हे प्रथम ठरवावे. अर्थनिर्णय त्यानंतर करावा.