फ्रेंच सायकलींचे आटे

सायकलीचा पायटा म्हणजे पेडल ज्या आट्यांनी क्रँकमध्ये बसविलेला असतो, ते आटे जुन्या फ्रेंच सायकलींत इंग्रजी सायकलींहून वेगळ्या मापाचे असत. इंग्रजी पायट्याच्या दांड्याचा व्यास ९/१६ इंच म्हणजे सु. १४.२९ मिमी. असून त्यावर दर इंचास २० आटे असतात. लगतच्या दोन आट्यांतील अंतर १.२७ मिमी. येते. फ्रेंच दांड्याचा व्यास १४ मिमी. व आट्यांतील अंतर १.२५ मिमी. असे. दोन्ही पद्धतींत उजव्या पायट्याचे आटे उजवे व डाव्याचे डावे असतात. मापांतील फरक नजरेस येत नाही, म्हणूनच तो नुकसानकारक ठरतो.

पायट्यांची सायकल १८६० नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये प्रचारात आली. मागील चाकास साखळीने गती देणाऱ्या आधुनिक सायकलीचे रूप मात्र जॉन केंप स्टार्ली यांच्या १८८५ मधील ‘रोव्हर’ या सायकलीने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे स्थिर केले. इंग्लंडमधील कारखानदारांनी इंचाची मापे स्वीकारली. फ्रान्समध्ये मेट्रिक पद्धती १७९५ मध्ये कायद्याने आली व १८४० पासून सक्तीची झाली. १८९८ मध्ये झुरिक येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मेट्रिक आट्यांची मापे ठरविली. साहजिकच प्यूजो, मोटोबेकान, झितान इ. फ्रेंच सायकलींचे आटे मिलिमीटरमध्ये राहिले.

इंग्रजी पायटा फ्रेंच क्रँकमध्ये दोनचार फेरे जाऊन अडकतो. पान्याने जोर केल्यास ॲल्युमिनियमच्या क्रँकचे आटे कापले जातात. उलट, फ्रेंच पायटा इंग्रजी क्रँकमध्ये हाताने सहज शिरतो. पण आट्यांची पकड उथळ राहते व पायाचा भार पडताच तो ढिला होऊन आटे झिजवितो. फ्रेंच क्रँकमध्ये ९/१६ इंचाचा टॅप फिरवून त्याचे छिद्र इंग्रजी मापाचे करता येते. कारण ते मुळात लहान असते व आट्यांतील अंतरही जवळजवळ सारखे असते. डाव्या बाजूस डावा टॅप लागतो. मोठे छिद्र लहान करता येत नसल्याने याच्या उलट बदल केवळ टॅपने शक्य नसतो. फ्रेंच पायट्यांवर पुष्कळदा ‘डी’ व ‘जी’ ही ‘उजवा’ व ‘डावा’ या अर्थांच्या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरे कोरलेली आढळतात. ती पाहून पायटा ओळखता येतो.

भारतात सायकल प्रामुख्याने इंग्रजी घडणीचीच रूढ झाली. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींचे दुकान काढले. पुढे मद्रासची टी. आय. सायकल्स (१९४९) व आसनसोलची सेन-रॅले या कारखान्यांनी ब्रिटिश कंपन्यांच्या सहकार्याने उत्पादन सुरू केले. त्यामुळे सुटे भाग व दुरुस्तीची हत्यारे इंचाच्या आट्यांचीच सर्वत्र पसरली. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर ही मुंबई–गोवा मार्गावरील गावे यास अपवाद नाहीत. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या दीर्घ चढावर पायट्यावर सर्वांत जास्त भार येतो. अशा ठिकाणी जुन्या फ्रेंच सायकलीचा पायटा निकामी झाल्यास स्थानिक दुकानातील कोणताही पायटा तीत नीट बसणार नाही. दुकानदाराचे कसब येथे उणे पडत नाही. आड येते ते केवळ तीन दशांश मिलिमीटरचे अंतर.

१९७० नंतर निर्यात वाढली. शिवाय जपानी व इटालियन सुट्या भागांशी मेळ घालणे आवश्यक झाले. त्यामुळे १९८० च्या सुमारास फ्रेंच कारखानदारांनी क्रमाक्रमाने इंग्रजी माप स्वीकारले. मीटर जगाला देणाऱ्या देशाने पायट्यासाठी इंच मान्य केला. भारतानेही १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती अंगीकारली. तथापि सायकलीच्या पायट्याचे माप ९/१६ इंच हेच राहिले. मापे कायद्याने बदलतात. पण गावोगावच्या दुकानांत साठलेले सुटे भाग व हत्यारे यांच्या आधारे रूढ झालेले माप त्याहून चिवट असते, असे या इतिहासावरून दिसते.