बादलीतला समुद्र

चिंचवड किंवा चाकणच्या शाळेपासून समुद्र सुमारे शंभर किलोमीटर दूर. तरी हिंदी महासागराच्या तापमानाचा इतिहास आपल्या शेजारीच, पुण्यात साठला आहे. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण बरेचसे काम पुण्यातच राहिले. १९६३ साली जागतिक हवामान संघटनेने जहाजांवरील नोंदींचे सारांश काढण्यासाठी समुद्र काही देशांत वाटून दिले. भारताच्या वाट्याला उत्तर हिंदी महासागराचा भाग आला आणि ते काम पुण्यात होऊ लागले.

अशा नोंदी एका पद्धतीने ठेवाव्यात, हे १८५३ साली ब्रुसेल्सच्या परिषदेत ठरले होते. अमेरिकन नौदलातील मॉरी यांचा त्यात पुढाकार होता. खलाशी दोराने बादली सोडी, पाणी वर ओढी, त्यात तापमापी बुडवी आणि आकडा वहीत लिही.

नकाशाची रीत सोपी. अक्षांश-रेखांशांनी समुद्राचे चौकोन पाडायचे. एका चौकोनातील अनेक वर्षांच्या, समजा, मे महिन्याच्या नोंदी घेऊन त्यांची सरासरी काढायची. असे बारा महिन्यांचे बारा नकाशे होतात.

अडचण बेरजेत नव्हती, बादलीत होती. कॅनव्हासच्या बादलीतून पाणी झिरपते, बाष्पीभवन होते आणि आकडा काही दशांश अंशांनी कमी येतो. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या भीतीने रात्री डेकवर दिवा लावणे धोक्याचे झाले. तेव्हा इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान अधिक प्रमाणात नोंदले जाऊ लागले. ते थोडे जास्त भरे. कागदावर समुद्र एकाएकी तापला! ही चूक ओळखून जुने आकडे दुरुस्त करावे लागले. शिवाय जहाजे ठराविक मार्गांनीच जात. इतर चौकोनांत नोंदी तुरळक. १९८० च्या दशकापासून उपग्रहांनी या जागा बऱ्याच भरल्या, पण ढगांआडचे पाणी त्यांच्या अवरक्त उपकरणांना दिसत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? ‘एल निनो’ म्हणजे प्रशांत महासागराचा विषुववृत्तीय भाग नेहमीपेक्षा गरम होणे. हे ‘नेहमीचे’ सरासरीवरूनच कळते. त्यातील अर्ध्या अंशाच्या चुकीनेही मान्सूनविषयीचा आपला अंदाज डळमळू शकतो.

वर्गात करून पाहा. एका प्लॅस्टिकच्या बादलीत व एका कापडी पिशवीत सारखे कोमट पाणी घ्या, वाऱ्यात ठेवा आणि दहा मिनिटांनी तापमान मोजा. सरासरी काढण्यापूर्वी मोजणी तपासावी लागते, हे मुलांना न सांगताच पटेल.