खिडकीची काच आणि अदृश्य ताण

१/ पुलाच्या कमानीवर भार आला की तिच्यात ताण निर्माण होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. तो पाहण्याची युक्ती एका शाळकरी मुलाने घरगुती साहित्यातून साधली होती. अभियांत्रिकीच्या आजच्या वर्गातही ती का शिकवावी, याविषयी हा #थ्रेड.

२/ आरंभ स्कॉटलंडमधला. १८१५-१६ च्या सुमारास डेव्हिड ब्रूस्टर यांना आढळले की, दाबाखालची काच ध्रुवित प्रकाशात रंगीत दिसते. ध्रुवित प्रकाश म्हणजे ज्याची कंपने एकाच प्रतलात होतात असा प्रकाश. कमानींच्या काचेच्या प्रतिकृती करून त्यांतील ताण पाहावा, असेही त्यांनी सुचवले.

३/ १८४७ मध्ये जेम्स क्लर्क मॅक्सवेलला त्याचे मामा एडिंबरोत विल्यम निकोल यांच्याकडे घेऊन गेले. निकोल यांचे लोलक प्रकाश ध्रुवित करीत. मॅक्सवेलपाशी तसे लोलक नव्हते. त्याने साध्या काचांवरील परावर्तनावर काम भागवले. खिडकीच्या काचेचे तुकडे लाल होईपर्यंत तापवून झटकन थंड केले आणि त्यांत अडकून राहिलेल्या ताणाच्या रंगाकृती जलरंगांत चितारल्या. ती चित्रे पाहून निकोल यांनी त्याला लोलकांची जोडी भेट दिली.

४/ १८५० मध्ये, वयाच्या १८ व्या वर्षी, स्थितिस्थापक पदार्थांच्या समतोलावरचा त्याचा निबंध एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे आला. त्यात माशाच्या वाताशयापासून केलेल्या जेलीला पीळ देऊन दिसणारे रंग त्याने गणिताशी ताडून पाहिले होते.

५/ विसाव्या शतकात एडविन लँड यांनी ध्रुवक पातळ पत्र्याच्या रूपात आणला आणि लोलकांची गरज संपली. पुढे प्रिन्स्टनमध्ये रॉबर्ट मार्क यांनी गॉथिक कॅथेड्रलांच्या प्लास्टिक प्रतिकृती याच पद्धतीने तपासल्या. ब्रूस्टर यांची सूचना इतिहासाच्याच कामी आली!

६/ आज एलसीडी पडद्याचा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. त्यापुढे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी वाकवा आणि ध्रुवक लावलेल्या चष्म्यातून पाहा. प्रयोगशाळा सिद्ध!

७/ दुसरा मार्ग १९८० च्या दशकारंभी साउथ कॅरोलिना विद्यापीठात घडला. पृष्ठभागावर रंगाचे अनियमित ठिपके उडवायचे, ताणण्यापूर्वीची व नंतरची छायाचित्रे घ्यायची आणि ठिपक्यांचे लहान लहान समूह किती सरकले, हे संगणकाने शोधायचे. आता त्यासाठी साधा कॅमेरा पुरतो.

८/ मात्र येथेच खरा धडा आहे. ५०० मिमी अंतरावरचा नमुना कॅमेऱ्याकडे ०.५ मिमी सरकला, तर चित्र ०.१ टक्का मोठे होते आणि तेवढी लांबी वाढल्याचा आभास होतो. साधे पोलाद तर ०.१२ टक्क्याच्या आसपासच कायमचे वाकू लागते! म्हणून आरंभ रबराच्या पट्टीने करावा, तिपाई पक्की असावी आणि भार न लावता दोन छायाचित्रे घेऊन आपली चूक आधी मोजावी.

९/ स्वस्त साधनांनी ताण दिसतो. पण दिसणे म्हणजे मोजणे नव्हे. मॅक्सवेलने रंग पाहिले आणि ते गणिताशी ताडले. उपकरण महाग नाही म्हणून विद्यार्थ्याला या दुसऱ्या पायरीपासून दूर ठेवण्याचे कारण तेव्हाही नव्हते, आजही नाही.