मत आधी की शाळा आधी?

निवडणुकीचे दिवस आले की आम्हा शिकल्यासवरल्या मंडळींच्या बैठकीत एक सूचना हमखास निघते : निदान सातवी पास असल्याखेरीज कुणालाही मत देऊ देऊ नये. गेल्या निवडणुकीच्या वेळी आमच्या शिक्षकांच्या खोलीतही ती निघाली, आणि कबूल केले पाहिजे की माना डोलावणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता. शिक्षणाच्या कामात हयात गेलेल्या माणसाला ही सूचना गोड वाटावी यात नवल नाही. मात्र तिचा इतिहास चाळल्यावर ती गोडी पार उतरली.

कल्पना जुनीच आहे. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये पस्तीस वर्षे कंपनी सरकारची चाकरी केलेला तत्त्वचिंतक जॉन स्टुअर्ट मिल याने 1861 साली प्रातिनिधिक शासनावरील आपल्या ग्रंथात लिहिले की, ज्याला लिहिता, वाचता व साधे हिशेब करता येत नाहीत त्याला मत असू नये. आमचे विद्वान मित्र मिलचा एवढाच भाग सांगतात. त्याने त्याबरोबरच घातलेली अट मात्र विसरतात. शिक्षण आधी सर्वांच्या आवाक्यात आणा, फुकट द्या किंवा गरिबातल्या गरिबाला परवडेल असे करा, असे त्याचे म्हणणे होते.

आपल्याकडे गोऱ्या सरकारने अट उचलली. शाळेचे मात्र काय झाले ते पाहा. नामदार गोखल्यांनी मार्च 1911 मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. विधेयक अगदी माफक होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही सरकारची मंजुरी घेऊन, स्थानिक संस्थांनी सक्ती करावी एवढेच. मार्च 1912 मध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांचे बळ होतेच, पण काही हिंदी सभासदही विरोधात गेले. ज्यांच्या मुलांचा हा प्रश्न होता, त्यांना त्या सभागृहात कोण बसावे हे ठरविण्याचा अधिकार जवळजवळ नव्हताच.

पुढे 1919 व 1935 च्या कायद्यांनी मतदार वाढले, पण मत मिळे ते शेतसारा, भाडे, प्राप्तिकर वा शिक्षण यांच्या जोरावर. कित्येक स्त्रियांना तर नवऱ्याच्या मालमत्तेवरून मत मिळाले. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता; तो काही मिळाला नाही. आणि 1946 च्या निवडणुका याच मर्यादित मताधिकारावर झाल्या. मुस्लिम मतदारसंघांतून त्या वेळी जो कौल आला तो समाजाचा कौल म्हणून मानला गेला. पण जमीन नसलेला, कर न भरणारा, शाळा न पाहिलेला विणकर किंवा खलाशी यांपैकी बहुतेकांना कुणी विचारलेच नव्हते. फाळणीचे परिणाम मात्र त्यांच्याही दारात आले. या एका गोष्टीचा आपल्या समाजाने जितका विचार करायला हवा होता तितका केलेला नाही, असे मला वाटते.

घटना समितीही याच मर्यादित मतांवर निवडून आलेल्या प्रांतिक सभासदांनी निवडली होती. तिने मात्र कलम 326 लिहून 21 वर्षांवरील सर्वांना मत दिले (ही मर्यादा 1989 पासून 18 वर झाली). 1951 साली शंभरात अठरा माणसे साक्षर होती. स्त्रियांत तर नऊच. सुकुमार सेन यांच्या निवडणूक आयोगाने मग चिन्हे काढली, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली. यादी करताना निराळीच अडचण आली. असंख्य स्त्रिया आपले नाव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच सांगत. अशा सुमारे 28 लाख स्त्रियांची नोंद अखेर रद्द करावी लागली. त्यांना कायद्याने नव्हे, रिवाजाने बाहेर ठेवले.

त्याच घटनेच्या कलम 45 ने दहा वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरविले होते. ते झाले नाही. 2002 साली 86 वी घटनादुरुस्ती झाली आणि हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. मधल्या पन्नास वर्षांत मतासाठी साक्षरतेची अट असती तर शाळा न देणारे सरकार शाबूत राहिले असते आणि शाळा न मिळालेल्याचे मत गेले असते.

ही कल्पना अजून मेलेली नाही. 2015 साली हरियाणाने पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रीला आठवी. डिसेंबर 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थानने तशीच अट घातली होती, ती 2019 साली काढून टाकली. या अटी मतदाराला नव्हत्या हे खरे. पण आमच्या खोलीत सातवी पासची सूचना पुन्हा निघाली, तर 1912 च्या त्या 38 मतांची गोष्ट मी आधी सांगणार आहे.