इलेव्हन्थ अवर (अकरावा तास)

मुदत संपत आलेली असावी, पण संपलेली नसावी. तेवढ्यात काम उरकले की इंग्रजीत ते ‘ॲट द इलेव्हन्थ अवर’, म्हणजे अकराव्या तासाला झाले असे म्हणतात.

हा तास रात्रीच्या अकराचा नव्हे, तर संध्याकाळी पाचच्या सुमाराचा. वाक्प्रचार आला बायबलमधून. मत्तयच्या शुभवर्तमानातील २०व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला आहे. तेव्हा सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत दिवसाचे १२ तास मोजत. धनी भल्या पहाटे दिवसाला एक दीनार या बोलीवर मजूर लावतो. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासालाही बाजारात चक्कर मारून आणखी माणसे आणतो. अकराव्या तासाला पाहतो तर काही जण अजून उभेच, कुणी कामच दिलेले नाही. मजूर अड्ड्यावर दुपारनंतरही रेंगाळणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चित्र नवे नाही. धनी त्यांनाही मळ्यात धाडतो आणि दिवेलागणीला सगळ्यांच्या हातावर सारखाच दीनार ठेवतो. दिवसभर उन्हात राबलेले अर्थातच कुरकुरतात. गोष्ट औदार्याची, तिच्यात धावपळीचा मागमूस नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमुळे इंग्रजीत शब्द रुळले, औदार्य मात्र गळून पडले.

पहिले महायुद्ध १९१८च्या अकराव्या महिन्यात, अकराव्या दिवशी, अकरा वाजता थांबले. त्यामुळे वाक्प्रचार तिथून आला असे काहींना वाटते. तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. फ्रान्समधल्या काँपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात, युद्धविरामावर सह्या झाल्या त्या पहाटे पाचच्या सुमारास. अंमल अकराला. मधल्या सहा तासांत माणसे मरतच राहिली. हेन्री गुंथर हा अमेरिकी सैनिक १० वाजून ५९ मिनिटांनी पडला.

वृत्तपत्रांचा हा लाडका प्रयोग. फाशीला मिळालेली स्थगिती, टळलेला संप, रखडलेली तडजोड, सगळीकडे तो दिसतो. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांचा व्यापार करार २४ डिसेंबर २०२० रोजी ठरला, ब्रिटन संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ ३१ डिसेंबरला संपणार होता. तिथे तो चपखल बसतो. मुदत टळून गेल्यावर झालेल्या कामाला मात्र तो लावू नये.

मराठीत ‘ऐनवेळी’ पुरते. ‘घटका भरली’ टाळावे. वाचक ते कुणाच्या तरी मरणाशी जोडतो.