मगन चूल आणि काव्यातला धूर

वर्ध्याच्या गांधीपर्वाविषयी मराठीत जे लेखन आमच्या वाचनात आले, त्यात प्रार्थना आहे, चरखा आहे, नई तालीम आहे. स्वयंपाकघर मात्र क्वचितच. साहित्याच्या अध्यापकांना हे खटकायला हवे, कारण चूल हा आपल्या कवितेचा लाडका विषय. १९५२ साली ग्रंथरूप झालेल्या बहिणाबाईंच्या गाण्यांत चूल संसाराचे रूपक होऊन येते. बहिणाबाईंचा त्यात दोष नाही. त्या चटक्यांसकट बोलत होत्या. पुढे आम्ही वर्गावर्गांतून त्याची 'सोशिकता' करून टाकली. एकदा धूर सोसणे हा गुण ठरला की धुरांड्याची गरज उरत नाही.

वर्ध्यात मात्र याच काळात काही मंडळी धुराकडे निव्वळ दुरुस्त करण्याजोगा दोष म्हणून पाहत होती. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांच्या बागेत त्याचे ठाणे. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी. सूत्रधार जे. सी. कुमारप्पा, पेशाने हिशेबतपासनीस. हा पेशा महत्त्वाचा. १९४५ साली 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' लिहिताना त्यांनी निसर्गाचाही ताळेबंद मांडला: कोळसा, खनिज तेल हे साठे, उपसल्याने आटणारे, वाहते पाणी, लाकूड, वनस्पती हा प्रवाह, पुन्हा भरून येणारा. साठ्यांवर उभी अर्थरचना भांडणे ओढवून आणते, हा त्यांचा निष्कर्ष. मगनवाडीतला मगनदीप, म्हणजे रॉकेलऐवजी वनस्पतीतेलावर जळणारा कंदील, याच विचाराचे अपत्य.

मगन चूल १९४७च्या सुमाराची. तीन दगडांच्या उघड्या चुलीत उष्णतेचा मोठा वाटा भांड्याच्या बाजूंनी निसटतो. इथे लाकूड मातीच्या बंद पोटात जळे, ज्वाळा एका भांड्याखालून दुसऱ्याखाली जाई आणि धूर धुरांड्यातून बाहेर पडे. साहित्य गावातलेच. पुढे हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५३ साली धूररहित स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहिली. १९८३ साली केंद्राने सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२च्या सुमारास तो गुंडाळला.

अपयशाचे खापर 'अडाणी' बायकांवर फोडण्याची सोय असतेच. पण निखारे बाहेर ओढून भाकरी शेकणारीला बंद चुलीचे तोंड अपुरे पडते. जाडे सरपण फोडावे लागते. धुरांडे चोंदले तर साफ कोणी करायचे? जिल्ह्यातल्या गोंड वस्त्यांत, कोलामांच्या पोडांवर प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. कुडाच्या घरात चूल पौष-माघात ऊब देते, तिचा धूर छपराचा बांबू किडीपासून राखतो. धूर घालवायचा, तर ही दोन कामेही दुसऱ्या कशावर तरी सोपवावी लागतात. आराखडा आखणाऱ्याने तेवढे विचारले होते का, हा आमचा आक्षेप. आणि तो मगनवाडीपेक्षा नंतरच्या सरकारी योजनांना अधिक लागू पडतो.

घरांचेही तेच. सेवाग्रामची बापूकुटी मातीच्या भिंती आणि कवेलूंच्या छपराची. वैशाखात तिथे बसलेल्याला तिचा गारवा समजावून सांगावा लागत नाही. ती बांधणी आसपासच्या खेड्यांचीच होती. तिला आम्ही स्मारक केले आणि तशाच घरांत राहणाऱ्या आदिवासींना सिमेंटचे घरकुल दिले. पक्क्या घराची त्यांची मागणी रास्तच आहे: दरसाल छप्पर शाकारणे, वाळवीशी झगडणे हे पर्यटकाला दिसत नाही. तरीही उन्हाळ्यात तापणाऱ्या त्या स्लॅबवर मातीचा थर किंवा कवेलू चढवता येतील का, हा हिशेब कुमारप्पांनी नक्कीच मांडला असता.

मगन संग्रहालय ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडले. ते आजही वर्ध्यात आहे. सहलीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही अलीकडे चरख्याबरोबर चुलीचीही चौकशी करायला सांगतो.