बुद्धिबळातील मूल्यमापन चिन्हे

बुद्धिबळातील मूल्यमापन चिन्हे ही बुद्धिबळाच्या डावातील खेळीची गुणवत्ता किंवा पटावरील स्थितीचा कल थोडक्यात दर्शविणारी चिन्हे आहेत. डाव संपल्यानंतर विश्लेषक किंवा स्वतः खेळाडू नोंदवलेल्या खेळ्यांना ही चिन्हे जोडतो. शब्दांचा आधार न घेता ती समजत असल्यामुळे वेगवेगळ्या भाषांचे वाचक एकच विश्लेषण वाचू शकतात.

खेळीची चिन्हे

ही चिन्हे खेळीला लागूनच लिहितात.

!! – अप्रतिम खेळी
! – उत्तम खेळी
!? – लक्षवेधी, विचारात घेण्याजोगी खेळी
?! – शंकास्पद खेळी
? – चूक
?? – घोडचूक

१९५६ साली न्यूयॉर्क येथे डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी खेळताना १३ वर्षांच्या बॉबी फिशर यांनी सतराव्या खेळीत उंट ई६ वर नेला आणि वजिराचे बलिदान दिले. या खेळीला सहसा दोन उद्गारचिन्हे दिली जातात. याउलट, २००६ साली बॉन येथे तत्कालीन जगज्जेते व्लादिमिर क्रामनिक यांनी ‘डीप फ्रिट्झ’ या संगणक प्रणालीविरुद्ध वजीर ई३ वर नेला आणि पुढच्याच खेळीत त्यांच्यावर मात झाली. ही खेळी दोन प्रश्नचिन्हांचे ठळक उदाहरण होय.

स्थितीची चिन्हे

ही चिन्हे एखाद्या खेळीचे नव्हे, तर त्या खेळीनंतरच्या स्थितीचे मूल्यमापन करतात. त्यामुळे उत्तम खेळीनंतरही स्थिती प्रतिकूल असू शकते.

= – समसमान स्थिती
∞ – अस्पष्ट स्थिती
⩲ / ⩱ – पांढऱ्याची / काळ्याची किंचित सरशी
± / ∓ – पांढऱ्याची / काळ्याची स्पष्ट सरशी
+− / −+ – पांढऱ्याची / काळ्याची विजयी स्थिती

यांखेरीज □ (एकमेव योग्य खेळी), △ (या उद्देशाने) आणि ⊕ (वेळेची टंचाई) ही चिन्हेही आढळतात.

प्रसार

या चिन्हांच्या प्रमाणीकरणात ‘चेस इन्फॉर्मंट’ या नियतकालिकाचा मोठा वाटा आहे. ग्रँडमास्टर अलेक्सांदर मातानोविच यांनी १९६६ साली बेलग्रेड येथे ते सुरू केले. संगणकावर डाव साठवण्याच्या ‘पीजीएन’ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. उदाहरणार्थ, $१ म्हणजे ‘!’ आणि $४ म्हणजे ‘??’.

मर्यादा

चिन्ह हे विश्लेषकाचे मत असते. त्यामुळे एकाच खेळीला दोन विश्लेषक वेगवेगळी चिन्हे देऊ शकतात. जर्मन ग्रँडमास्टर रॉबर्ट ह्युब्नर यांनी जिंकणारा डाव बरोबरीत किंवा बरोबरीचा डाव पराभवात नेणाऱ्या खेळीलाच प्रश्नचिन्ह देण्याचा काटेकोर निकष वापरला. कालांतराने मतही बदलते. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या पहिल्या डावात फिशर यांनी बोरिस स्पास्की यांच्याविरुद्ध उंटाने एच२ वरील प्यादे मारले. ही खेळी घोडचूक म्हणून गाजली. मात्र तिच्यानंतरही बरोबरीची चांगली शक्यता उरली होती, असे पुढील विश्लेषणातून दिसून आले.

संगणक प्रणाली हेच मूल्यमापन प्याद्यांच्या मोजमापात आकड्याने देतात, +१.५० म्हणजे पांढऱ्याची सुमारे दीड प्याद्याइतकी सरशी. खेळी शोधणे माणसाला किती अवघड होते, हे मात्र आकड्यातून कळत नाही. उद्गारचिन्ह देताना विश्लेषक बहुधा त्याचाही विचार करतो.